सेल फुटावा लागत नाही

रक्षाबंधनाच्या आधी इंदूरच्या राजवाड्याभोवती लायटीच्या राख्या टांगलेल्या दिसू लागतात. मधोमध कार्टूनचं चित्र, दाबलं की लाल-निळे दिवे लुकलुकतात. लहान मुलांना मग दुसरी राखी नकोच असते. गणपतीत चमकणारी शिंगं आणि अंगठ्या येतात, दिवाळीला बॅटरीवरच्या पणत्या. या सगळ्यांच्या पोटात एक किंवा दोन-तीन चपटे गोल सेल असतात आणि स्वस्त मालात त्यांचं झाकण नखानेही निघतं.

मुलाने सेल गिळला तर काय होईल, असं चार घरांत विचारून पाहा. ‘आत जाऊन फुटला तर त्यातलं ॲसिड बाहेर येईल, नाही फुटला तर काही नाही,’ असं कोणी सांगेल. ‘संपलेला होता ना? मग कशाला घाबरायचं,’ असं दुसरं कोणी म्हणेल. एखाद्या आजी, गिळलेल्या नाण्यावर करतात तोच उपाय सुचवतील: केळी खाऊ घाला, सकाळी पडून जाईल. या तिन्ही उत्तरांत सेलकडे एक बंद डबी म्हणून पाहिलेलं आहे. डबी शाबूत तर मूल सुखरूप, असा हिशेब. खरा प्रकार वेगळा आहे. सेल फुटावा लागत नाही, गळावाही लागत नाही. जाळणारा पदार्थ त्याच्या आतून बाहेर यावा लागतच नाही, तो मुलाच्या अन्ननलिकेतल्या ओलाव्यातून तिथल्या तिथे तयार होतो.

हे कसं घडतं ते नीट पाहण्यासारखं आहे. मला या रसायनशास्त्राचं फार आकर्षण आहे, आणि हे कळलेला माणूस केळी सोलत बसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार-बाइकच्या रिमोटमध्ये, वजनकाट्यात आणि बऱ्याच पणत्यांमध्ये असणाऱ्या सेलवर सीआर २०३२ असं कोरलेलं असतं. तो आकडा म्हणजे त्याचं मापच आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. सध्याच्या एक रुपयाच्या लहान नाण्याएवढा. हा लिथियमचा सेल, ३ व्होल्टचा. ज्या रुंद बाजूवर अधिकचं चिन्ह असतं ती धन बाजू. तिचा पत्रा कडेवरून खाली वळून जवळपास दुसऱ्या बाजूपर्यंत येतो. दुसरी, किंचित लहान, उंचवट्याची बाजू ऋण. दोन्हींच्या मध्ये फक्त प्लॅस्टिकची एक बारीक कडी असते. म्हणजे ऋण बाजूच्या काठावर दोन ध्रुवांमधलं अंतर जेमतेम मिलिमीटरभर. तेवढी फट ओली झाली की विद्युतमंडल पूर्ण होतं.

लहान मुलाची अन्ननलिका अरुंद असते, आणि तिचं सगळ्यात अरुंद ठिकाण वरच्या टोकालाच, गळ्याच्या खालच्या भागात. २० मिलिमीटरची चकती तिथे अडकण्याचा संभव सर्वाधिक. अडकली की दोन्ही बाजूंनी ओलं अस्तर तिला चिकटून बसतं. लाळेत आणि ऊतींमध्ये मीठ असतं, त्यामुळे त्यांतून वीज वाहते. शाळेत पाण्याचं विद्युत अपघटन शिकलो होतो, तेच इथे सुरू होतं. ऋण ध्रुवावर पाण्याचे रेणू इलेक्ट्रॉन घेतात, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि मागे हायड्रॉक्साइड आयन उरतो. हायड्रॉक्साइड आणि शेजारचा सोडियम मिळून जे द्रावण होतं ते म्हणजे कॉस्टिक सोडा, ज्याने तुंबलेली मोरी मोकळी करतात.

किती तयार होतो? एक ढोबळ गणित करू. समजा ५ मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला. ३६०० सेकंदांत १८ कूलोंब विद्युतभार गेला. एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार सुमारे ९६,४८५ कूलोंब असतो, हा फॅरेडेचा स्थिरांक. भागाकार केला की ०.०००१८७ मोल हायड्रॉक्साइड मिळतो, कॉस्टिक सोड्याच्या हिशेबात साडेसात मिलिग्रॅम. आकडा क्षुल्लक वाटतो. पण दोन भिंतींच्या मध्ये दबलेल्या सेलभोवती द्रव असतो किती? एक मिलिलिटर धरला तरी द्रावणाची तीव्रता लिटरला ०.१८७ मोल होते आणि पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप, १३ च्या वर जातो. प्रत्यक्षात ऊती थोडा अल्क, म्हणजे हा कॉस्टिक सोडा, शोषून घेतात, थोडा पसरतो, तरी सेलच्या ऋण बाजूपाशी १२ ते १३ पीएच होतो. पीएचचं माप दसपटीने वाढतं. ७ वरून १३ वर जाणं म्हणजे हायड्रॉक्साइडचं प्रमाण दहा लाख पट होणं.

धन बाजूला याच्या उलट आम्ल तयार होतं. मग दोन्ही मिळून एकमेकांना मारत का नाहीत? काही प्रमाणात मारतात, पण दोन्ही आपापल्या बाजूच्या अस्तराला चिकटून तयार होतात आणि आत मुरतात, एकत्र यायला त्यांना मोकळी जागाच नसते. शिवाय आम्लाने जळलेल्या ऊतीतली प्रथिनं गोठतात, त्यांची खपली पुढची वाट थोडीफार अडवते. अल्क तसं करत नाही. तो प्रथिनं विरघळवतो, पेशींच्या आवरणातल्या चरबीचा अक्षरशः साबण करतो आणि पुढे सरकत राहतो. म्हणून सर्वांत खोल जखम ऋण बाजूच्या समोर होते. एक्स-रेमध्ये सेलची अरुंद, म्हणजे ऋण, बाजू कुठे तोंड करून आहे हे डॉक्टर मुद्दाम पाहतात. ती पुढे असेल तर समोर श्वासनलिका आहे. थोडं खाली अडकला असेल तर शेजारून महाधमनी जाते.

आता संपलेल्या सेलचं. पाण्याचं अपघटन सुरू व्हायला सिद्धांतानुसार १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात थोडे जास्त. रिमोट चालेनासा झाला म्हणून आपण जो सेल काढून टाकतो, त्यात बहुधा २ व्होल्टच्या वर दाब शिल्लक असतो. रिमोटला तो पुरत नाही, अन्ननलिका जाळायला पुरतो. राख्यांमधले सेल साधारणपणे ८ मिलिमीटरच्या आसपासचे आणि दीड व्होल्टचे असतात. ते बहुतेक वेळा पोटात उतरतात आणि पुढे शौचावाटे जातात, पण तान्ह्या बाळात अडकू शकतात. आणि नाकात जाण्यासाठी तर तेच मापाचे आहेत.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर स्वयंपाकघरातली हळद पुरेशी आहे. उकडलेल्या बटाट्याच्या दोन चकत्या मिठाच्या पाण्यात बुडवून त्यांवर हळद चोळा. सेल ऋण बाजू खाली करून एका चकतीवर ठेवा, वर दुसरी चकती अशी दाबा की दोन्हींच्या कडा एकमेकींना टेकतील. काही मिनिटांत काठाशी बारीक बुडबुडे येतात. पंधरा-वीस मिनिटांनी सेल उचला. ऋण बाजूखालची पिवळी हळद तांबडी झालेली दिसेल. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ना, तीच ही क्रिया, अल्कात हळद लाल होते. सेलला कुठे भोक नाही, काही गळलेलं नाही, तरी अल्क तयार झाला. प्रयोग मोठ्यांनीच करायचा, सेल मोजून परत उचलायचा आणि बटाटा फेकायचा. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर हा एकदा करून दाखवावा असं मला फार वाटतं.

अन्ननलिकेत गंभीर इजा व्हायला २ तास पुरतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत अस्तराची जळजळ १५ मिनिटांतच सुरू झालेली दिसली आहे. खरी पंचाईत अशी की बहुतेक वेळा गिळताना कोणी पाहिलेलं नसतं. मूल लाळ गाळतं, जेवण नको म्हणतं, खोकतं, किरकिर करतं, कधी यातलं काहीच करत नाही. घरात म्हणतात सर्दी झाली, दात येत असतील, नाहीतर दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरवल्या जातात, मूल थकून झोपतं, गुण आला असं वाटतं, आणि आत अल्क मुरत असतो. दृष्ट काढण्याच्या प्रथेत माया आहे हे मला मान्य आहे. पण चुलीत मोहऱ्या तडतडल्याने हायड्रॉक्साइड थांबत नाही, आणि त्यात गेलेली रात्र परत मिळत नाही. जेवण टाकून लाळ गाळणाऱ्या मुलाच्या घरात एखाद्या वस्तूचं सेलचं झाकण उघडं सापडलं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत सेल गिळलाय असंच धरावं.

मग लगेच निघायचं. उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. केळी, भात, पोळी काही भरवायचं नाही. घनपदार्थाने सेल खाली ढकलला जात नाही, आणि सेल काढायला भूल द्यायची तर भरलेलं पोट अडचणीचं ठरतं. अपवाद एकच आहे, मध. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळता येत असेल आणि १२ तास उलटले नसतील, तर रस्त्यात दर १० मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध चाटवावा, जास्तीत जास्त सहा वेळा. हा आजीबाईचा बटवा नव्हे. डुकरांच्या अन्ननलिकेवर प्रयोग करून हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. मध घट्ट असतो, त्यामुळे सेलभोवती लेप बसतो, आणि तो सौम्य आम्लधर्मी असल्याने अल्क काहीसा शमतो. त्याने वेळ मिळतो, सेल निघत नाही. घरात मध नसेल तर तो आणायला थांबू नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीच नाही, त्यातून बॉट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराचे जंतू जाऊ शकतात.

कुठे जायचं हे आधी ठरलेलं असावं. सुदामानगर असो की तिलकनगर, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक्स-रे आणि लहान मुलांची एंडोस्कोपी दोन्ही रात्री होतीलच असं नाही. एमवाय या सरकारी रुग्णालयात जायचं की जवळच्या मोठ्या खासगी रुग्णालयात, ते एखाद्या निवांत दिवशी चौकशी करून लिहून ठेवा. गाडीची सोय नसेल तर १०८. तिथे पोहोचल्यावर ‘नाणं गिळलंय’ असं म्हणू नका, ‘सेल असू शकतो’ असं स्पष्ट म्हणा. एक्स-रेमध्ये नाणं एकसंध गोल दिसतं, सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं. शंका आधीच सांगितली की पाहणारा ते शोधतो. त्याच मापाचा सेल किंवा त्याचं पाकीट हाताशी असेल तर सोबत न्या. सेल काढल्यावरही काळजी संपत नाही. भाजलेली भिंत पुढचे काही दिवस, कधी काही आठवडे झिजत राहते. घरी आल्यावर मुलाच्या तोंडातून रक्त आलं किंवा शौच काळी झाली तर तसंच परत जायचं.

नाकात किंवा कानात सेल गेला तरी हेच रसायन चालतं, नाकाच्या पडद्याला काही तासांत भोक पडू शकतं. तिथे तेल, थेंब, पाणी काहीही घालू नये. मिठाचे थेंब तर विजेला वाटच करून देतात.

कायदा थोडाफार मदतीला आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. पण वजनकाटा, रिमोट, पणती ही खेळणी नव्हेत. अमेरिकेने २०२२ मध्ये ‘रीस’ नावाच्या दीड वर्षाच्या मुलीच्या मृत्यूनंतर तिच्याच नावाने कायदा केला. तो खेळण्यांपलीकडच्या, घरात वापरल्या जाणाऱ्या वस्तूंना लागू आहे: सेलचा कप्पा हत्याराशिवाय, किंवा दोन वेगवेगळ्या हालचाली एकदम केल्याशिवाय उघडता कामा नये. ऑस्ट्रेलियातही त्याच वर्षी सक्तीचे नियम लागू झाले. आपल्याकडेही तसे हवेत, आणि ग्राहक म्हणून आपण ते मागायला हवेत. तोवर विकत घेताना झाकणाला स्क्रू आहे का ते पाहा. नसेल तर ती वस्तू लहान मूल असलेल्या घरात आणू नका. आधीच आणली असेल तर झाकणावर जाड टेप गुंडाळा. आजोबांच्या कानातल्या यंत्राचे सेल त्यांच्या गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवू नका. म्हातारी माणसंही ते गोळी समजून गिळतात. थोड्या मोठ्या मुलांना एवढं नक्की सांगा की सेल बदलताना तो दातात धरायचा नाही.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावा. खिडकीत, फ्रिजवर, देवघराच्या खणात तो ‘नंतर टाकू’ म्हणून पडू देऊ नका. इंदूरची कचरागाडी रोज दारात येते आणि तिच्यात घातक घरगुती कचऱ्याचा आणि ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. त्यात तो दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊ द्या.