फ्लोरिडाचा लार्जमाउथ बास, तळ्यातलं गवत आणि फवारणीचा वाद: पार्श्वभूमी

२०१९ च्या जानेवारीअखेर फ्लोरिडा राज्याच्या वन्यजीव खात्याने सार्वजनिक तळ्यांमधली तणनाशकाची फवारणी थांबवली, गावोगाव सभा घेऊन लोकांचं ऐकून घेतलं आणि मार्चच्या सुरुवातीला परत चालू केली. थांबा जेमतेम महिन्याभराचा, पण तिथला बास मासा गळाने पकडणाऱ्यांमध्ये तो विषय निघाला की आजही आवाज चढतात. एवढं का पेटलं हे कळायला आधी तिथली तळी कशी आहेत ते बघावं लागतं.

ओकीचोबी हे तिथलं सगळ्यात मोठं तळं, जवळपास १९०० चौरस किलोमीटर, आणि सरासरी खोली नऊ फूट, म्हणजे आपल्या हिशोबात दीड पुरुष. किसिमी, टोहो (टोहोपेकालिगा), अपॉप्का ही मधल्या भागातली तळीही अशीच, पसरट आणि उथळ. अशा तळ्यात ऊन तळापर्यंत पोचतं, त्यामुळे तिथे एक तर पाणवनस्पती वाढणार नाहीतर पाणी हिरवंगार होऊन शेवाळ माजणार, निवळशंख आणि रिकामं असं पाणी तिथे टिकत नाही. आणि बास हा दबा धरून शिकार करणारा, डोळ्याने बघून झडप घालणारा मासा. गवत गेलं की त्याला लपायला जागा नाही, पिल्लांना आसरा नाही, आणि गढूळ पाण्यात भक्ष्यही दिसत नाही.

जलपर्णी तिथे १८८० च्या दशकात पोचली, तीच आपल्या पवनेत आणि मुळा-मुठेत दरवर्षी दिसते ती. दहा-पंधरा वर्षांत सेंट जॉन्स नदीत बोटी अडकायला लागल्या, मग १८९९ मध्ये केंद्र सरकारने ती काढायचं काम लष्कराच्या इंजिनिअरांकडे दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर २,४-डी हे तणनाशक आलं आणि फवारणीचा जमाना सुरू झाला. तरी १९५० च्या दशकात लाखभर एकर पाण्यावर जलपर्णी होतीच. सत्तरच्या दशकात धोरण बदललं, माजल्यावर मारण्यापेक्षा वर्षभर थोडं थोडं मारून कायम कमी ठेवायचं, असं केलं तर औषध कमी लागतं आणि मेलेल्या झाडांचा गाळही तळाशी कमी बसतो. जलपर्णीपुरतं हे धोरण बरोबर होतं असं माझंही मत आहे.

अपॉप्का तळ्याचं काय झालं ते इथे सांगायलाच हवं, कारण बासवाले प्रत्येक भांडणात तेच उदाहरण देतात. चाळीसच्या दशकात या तळ्याच्या उत्तरेची दलदल बांध घालून आटवली, तिथे भाजीपाल्याची शेती सुरू झाली आणि खताचं पाणी पंपाने तळ्यात जायला लागलं. त्यातच १९४७ च्या वादळाने तळातलं गवत उपटून काढलं आणि पाणी हिरवं झालं ते झालंच. वादळाचा दोष किती आणि खताचा किती यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पन्नासच्या दशकात काठावर वीसेक फिश कॅम्प, म्हणजे गळवाल्यांच्या मुक्कामाच्या जागा, होते, लांबलांबून लोक बाससाठी यायचे, ऐंशीच्या दशकापर्यंत तो धंदा बसला. तिथे गवत परत रुजवायचं काम आजपर्यंत चालू आहे.

आता हायड्रिला. शाळेत परीक्षानळीत ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे मोजतो ती हीच वनस्पती, आपल्या उपखंडातली. १९५० च्या दशकात मत्स्यालयाच्या व्यापारातून श्रीलंकेहून फ्लोरिडात आली, टॅम्पाजवळच्या कालव्यात पडली आणि १९६० पर्यंत क्रिस्टल रिव्हर आणि मायामीच्या कालव्यात सापडली. दिवसाला इंचभर वाढते, तुटलेला तुकडाही रुजतो आणि चिखलातले कंद वर्षानुवर्षं जिवंत राहतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला राज्यातल्या चाळीसेक टक्के सार्वजनिक तळ्यांत ती होती. पूर अडवणाऱ्या दरवाजांना, पाण्याच्या पंपांना आणि बोटींना तिचा खरोखरच त्रास होतो, तो कोणीच नाकारत नाही.

पण बास तिच्यात जमला. जिथे आधीच्या पाणकणसाचा आणि लव्हाळ्याचा पट्टा काठापुरता होता तिथे आता आठ-दहा फूट पाण्यातही छप्पर तयार झालं. त्यावरून मासेमारीची तऱ्हाच बदलली. पाण्यावर पसरलेला हायड्रिलाचा जाड थर भेदायला एक ते दीड औंसाचं टंगस्टनचं वजन, त्याला चिकटून छोटं प्लास्टिकचं आमिष, सरळ दांड्याचा मजबूत गळ आणि ६५ पौंडांची वेणीची दोरी. बोट अगदी गवताला लावायची, वजन हातभर वर उचलून थरातून खाली सोडायचं, तळाला टेकलं की एकदोनदा हलवायचं आणि काही नाही लागलं तर पुढचं भोक. थराखाली सावलीची मोकळी जागा असते, तिथे मोठी मादी उभी असते, आणि ती लागली की मासा आणि दहा किलो गवत एकत्रच वर येतं. जुने लोक अजून जिवंत शायनर मासा गळाला लावून फ्लोटसकट गवताच्या कडेला सोडतात, तो थराखाली पोहत जातो, आणि बास जवळ आला की घाबरून उसळ्या मारतो, फ्लोट थरथरतो तेव्हाच कळतं.

खात्यांनी हायड्रिलावर आधी गवत्या मासा (ग्रास कार्प, पाण्यातलं गवत खाणारा) वापरून बघितला. टेक्सासच्या लेक कॉनरोमध्ये १९८१-८२ ला पावणेतीन लाखाच्या आसपास गवत्या सोडले आणि दोनेक वर्षांत हायड्रिलासकट तळ्यातली बुडीत वनस्पती संपली, त्यावरून घरमालक आणि बासवाले यांच्यात जी जुंपली ती अमेरिकेच्या सगळ्या दक्षिण भागात गाजली. फ्लोरिडाने त्यामुळे वांझ गवत्यालाच परवानगी दिली आणि मोठ्या तळ्यांत भर औषधावर ठेवला. १९८६ मध्ये फ्लुरिडोन हे तणनाशक आलं. अब्जात पाच-दहा भाग एवढंच पाण्यात मिसळायचं आणि दोन-तीन महिने तेवढंच टिकवायचं, हायड्रिला मरते आणि बाकीचं बरंचसं गवत वाचतं. दहा-बारा वर्षं हे एकच औषध परत परत वापरलं गेलं. फ्लोरिडातली हायड्रिला सगळी मादी, बी धरत नाही, म्हणून तिच्यात प्रतिकारशक्ती येईल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण २००० च्या आसपास आलीच. नेहमीच्या डोसाला ती दाद देईना, डोस वाढवला तर बाकीचं गवत जायला लागलं. मग आलेली औषधं महाग, आणि खर्च सरकारी. माझ्या मते मूळ चूक इथे झाली, एकाच औषधावर एवढी मदार ठेवायला नको होती, आणि तिची किंमत २०१९ ला लोकांच्या रागातून दिसली.

मधल्या काळात आणखी एक गुंता झाला. टोहो तळ्यात परदेशी गोगलगाय वाढली, हायड्रिलावर ती पोसली, आणि तिच्यावर जगणारा स्नेल काइट हा धोक्यातला पक्षी तिथे घरटी करायला लागला. म्हणजे ज्या वनस्पतीला मारायचं तिच्याच जोरावर संरक्षित पक्षी आला, त्यामुळे घरट्यांजवळ फवारणीवर बंधनं आली. २०११ च्या आसपास खात्याचीही भाषा बदलली, सरसकट संपवण्याऐवजी प्रत्येक तळ्याचा वेगळा विचार करायचा असं ठरलं.

पण बोटीतून हात बाहेर काढून चाललेली फवारणी लोकांना दिसत राहिली. २०१८ च्या उन्हाळ्यात ओकीचोबीवर निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग पसरला, तो टीव्हीवर सगळ्यांनी बघितला, आणि बासवाल्यांनी थेट विचारलं की गवत मारून तळाशी सडवता, त्यातलं खत परत पाण्यात येतं, मग शेवाळ कोणाच्या जोरावर माजतं? खात्याचं उत्तर होतं की तळ्यात येणारा बराचसा फॉस्फरस बाहेरून, शेती आणि कुरणांवरून येतो. हे उत्तर खरं आहे. पण मासेमारीला लोकांना घेऊन जाणारे जे गाइड रोज तिथे जातात आणि काल हिरवा असलेला लव्हाळ्याचा पट्टा, जिथे जानेवारी ते एप्रिल बास वाळूत घरटं करतो, आज तपकिरी झालेला बघतात, त्यांची तक्रारही खरी आहे. थांब्यानंतर फवारणी परत आली, पण मोठ्या तळ्यांसाठी वेगळे आराखडे, यंत्राने गवत कापायचं काम जास्त, आणि कुठे कधी फवारणार ते आधी जाहीर करणं एवढं पदरात पडलं. यंत्राचा खर्च मोठा आणि त्यात छोटे मासेही निघतात, त्यामुळे तोही पूर्ण उपाय नाही.

ओकीचोबीत मात्र फवारणीपेक्षा पाण्याची पातळी जास्त ठरवते असं गेल्या पंचवीस वर्षांवरून दिसतं. १९२६ आणि १९२८ च्या वादळांनंतर तळ्याभोवती बांध घातला, तेव्हापासून पातळी दरवाजांवर अवलंबून. नव्वदच्या दशकाअखेर पाणी उंच राहिलं आणि बुडीत गवत गेलं, २००० मध्ये मुद्दाम पाणी उतरवलं तर पुढे परत आलं. २००४-०५ ला फ्रान्सिस, जीन आणि विल्मा या वादळांनी तळातला गाळ ढवळला. २००७ च्या दुष्काळात पातळी (ही खोली नव्हे, समुद्रसपाटीपासूनची उंची) ८.८२ फुटांवर, आजवरच्या नीचांकावर आली, काठ उघडे पडले, बिया रुजल्या आणि पुढची काही वर्षं बासची चंगळ झाली. २००८ च्या नियमाने पातळी साधारण १२.५ ते १५.५ फुटांत ठेवायची होती. २०२४ मध्ये नवा आराखडा मंजूर झाला, त्यात पाणी जास्त उंच ठेवायची मुभा आहे, आणि गळवाल्यांचा सध्याचा विरोध त्यालाच आहे. त्याच वर्षी डिसेंबरपासून गवत परत यावं म्हणून काही महिने पाणी सोडून तळं उतरवलं, तेव्हा ते पाणी ज्यांच्या खाडीत गेलं त्या किनाऱ्यावरच्या लोकांनी ओरड केली.