झाडू-बादलीच्या खोलीतून आलेला आकडा

गेल्या महिन्यात आईचा रक्ताचा रिपोर्ट आला, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) ८.४. झालं, संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर बातमी, "आईला थायरॉइड निघाला". आता खरं बघायला गेलं तर थायरॉइड सगळ्यांनाच असतो, गळ्यात, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी ती, पण आपल्याकडे शुगर निघते तसा थायरॉइडपण निघतो. मामीने लगेच कोबी बंद करायला सांगितला, डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली आणि विषय संपला.

माझा नाही संपला. मला तो ८.४ चा आकडाच खटकत होता. म्हणजे एक मिलीलीटर रक्तात ८.४ मायक्रो युनिट, एका युनिटचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रो युनिट. रक्तात हजारो प्रकारची प्रोटीन्स पोहतायत आणि त्या गर्दीतून कोपऱ्यावरची लॅब हे एवढंसं हार्मोन हुडकून, मोजून, संध्याकाळी पीडीएफ पाठवते, तेही काही शे रुपयांत. हे जमायला लागलं कधी आणि कोणामुळे?

उत्तर आहे न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागातलं माजी सैनिकांचं सरकारी हॉस्पिटल, आणि तिथले दोघं, रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन. एंडोक्रायनॉलॉजी म्हणजे हार्मोन्सचं शास्त्र, आणि त्यात मोठी माणसं पुष्कळ झाली, पण या दोघांच्या आधी आणि नंतर असे या शास्त्राचे सरळ दोन तुकडे पडतात असं माझं मत आहे.

यालोबाईंचा जन्म १९२१ चा, ब्राँक्समधलाच. आईची इच्छा मुलीने शाळेत शिक्षिका व्हावं, मुलीला फिजिक्सचं वेड. पण त्या काळात बाईला, त्यातून ज्यू बाईला, फिजिक्समध्ये पुढे जागा कोण देणार, म्हणून सोय अशी लावली की एका मोठ्या बायोकेमिस्टकडे सेक्रेटरी म्हणून लागायचं आणि मागच्या दाराने एकेक कोर्स करायचा. त्यासाठी स्टेनोग्राफी शिकायला घेतली. तेवढ्यात १९४१ मध्ये इलिनॉय युनिव्हर्सिटीतून फिजिक्सच्या असिस्टंटशिपचं पत्र आलं (मुलं लढाईवर चालली होती, जागा रिकाम्या पडत होत्या) आणि बाईंनी स्टेनोची पुस्तकं फाडून टाकली. तिथे पोचल्यावर कळलं की चारशे जणांत बाई ही एकटीच. पहिल्या सेमिस्टरला सगळीकडे ए, फक्त लॅबच्या विषयात ए मायनस, तर विभागप्रमुख म्हणाले की बघा, बायकांना लॅबचं काम जमत नाही हे यावरून सिद्ध झालं. ए मायनसवरून!

१९४७ मध्ये त्या ब्राँक्सच्या हॉस्पिटलात आल्या. लॅब वगैरे काही नव्हतीच, सफाईवाल्याची झाडू-बादल्या ठेवायची खोली होती, तीच रिकामी करून किरणोत्सारी पदार्थांची लॅब केली. १९५० मध्ये बर्सन येऊन मिळाले. ते डॉक्टर, व्हायोलिन वाजवणारे, बुद्धिबळ खेळणारे, आणि या माणसाने एकेकाळी २१ मेडिकल कॉलेजांत अर्ज केला होता आणि एकवीसच्या एकवीस ठिकाणी नकार मिळाला होता. त्यांना फिजिक्स फारसं येत नव्हतं, यालोंना वैद्यक येत नव्हतं, मग एकमेकांना शिकवत बसले, आणि पुढची बावीस वर्षं जोडी तुटली नाही.

तेव्हा एक विचार जोरात होता की मोठ्या वयात होणाऱ्या डायबेटीसमध्ये इन्सुलिन तयार होतं पण लिव्हर ते फार पटकन तोडून टाकतं. या दोघांनी म्हटलं बघूया. इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडीनची शेपटी लावली, टोचलं, आणि रक्तातून ते किती वेळात नाहीसं होतं ते मोजत बसले. निघालं भलतंच. ज्यांनी आधी इन्सुलिनची इंजेक्शनं घेतली होती त्यांच्या रक्तात ते उलट जास्त वेळ रेंगाळत होतं. आणि गंमत म्हणजे डायबेटीस अजिबात नसलेले काही मनोरुग्ण, ज्यांना त्या काळच्या पद्धतीप्रमाणे इन्सुलिन शॉक दिले जायचे, त्यांच्यातही तेच. म्हणजे दोष डायबेटीसचा नाही, इंजेक्शनचा. इन्सुलिन तेव्हा गाईडुकरांचं असायचं, शरीर त्याला परकं समजून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवत होतं, आणि त्या अँटिबॉडी इन्सुलिनला धरून ठेवत होत्या.

पण इन्सुलिनसारख्या चिमुकल्या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊच शकत नाही असं तेव्हाच्या तज्ज्ञांचं ठाम मत. १९५५ मध्ये पेपर परत आला. एका जर्नलने नाही म्हटलं, दुसऱ्यानेही आधी नाहीच म्हटलं, शेवटी शीर्षकातला अँटिबॉडी हा शब्द काढून 'इन्सुलिन बांधणारं ग्लोब्युलिन' असं काहीतरी गुळमुळीत घातलं तेव्हा कुठे १९५६ मध्ये छापून आला. बाईंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं. का ते पुढे येतंच.

आता खरी करामत. समजा एसटीत ४० सीट आहेत. या सीट म्हणजे अँटिबॉडी. आपण मुद्दाम लाल टोपी घातलेली ४० माणसं पाठवतो, हे शेपटीवालं इन्सुलिन. आणि त्याच वेळी स्टँडवरचे साधे पॅसेंजरपण चढतात, हे पेशंटच्या रक्तातलं इन्सुलिन, ते किती हे आपल्याला माहीत नाही. रेटारेटी होते, रुमाल टाकले जातात. आता साधे पॅसेंजर मोजायची गरजच नाही, ते तसेही ओळखू येत नाहीत, फक्त किती लाल टोप्या उभ्या राहिल्या ते मोजा. जास्त लाल टोप्या उभ्या म्हणजे साधे पॅसेंजर जास्त चढले. झालं गणित! लाल टोप्या मोजणं सोपं कारण त्या किरणोत्सार सोडतात, काउंटर टिकटिक करतो. याला म्हणतात रेडिओइम्युनोअसे, आरआयए. त्याआधी इन्सुलिन मोजायचं तर उंदराच्या श्वासपटलाचा तुकडा कापून तो किती साखर शोषतो ते बघायचे, आणि आता उपाशीपोटी माणसाच्या एका मिलीलीटर रक्तात एका नॅनोग्रॅमपेक्षाही कमी असलेलं इन्सुलिन टेस्ट ट्यूबमध्ये मोजता यायला लागलं. १९५९-६० च्या सुमाराला हे सगळं छापून आलं.

पेटंट? घेतलं नाही. दोघांनीही. ज्याला शिकायचंय त्याने यावं म्हणाले, आणि जगभरचे लोक येऊन शिकून गेले. ग्रोथ हार्मोन, एसीटीएच नावाचं आणखी एक हार्मोन, रक्तपेढीतल्या रक्तातली हिपॅटायटिस बी, सगळं मोजायला लागले. नवजात बाळाच्या टाचेला टोचून जे थेंबभर रक्त घेतात ना, त्यात थायरॉइड कमी आहे का हे तपासणं शक्य झालं ते याच पद्धतीमुळे. जगात साधारण तीन-चार हजार बाळांमागे एकाला हा प्रॉब्लेम जन्मतः असतो, पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू केली तर मूल नॉर्मल वाढतं, राहून गेलं तर मेंदूची वाढ खुंटते ती कायमची. आणि मोठ्या वयातल्या डायबेटीसवाल्यांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसून कित्येकदा भरपूर असतं हेपण तेव्हाच दिसलं. आपल्या पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुढे हीच गोष्ट थेट पाळण्यापर्यंत नेली. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांच्या अंगावर वजनाच्या मानाने चरबी जास्त, आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा चढं. दिसायला बारीक, आतून जाड. हे कळायला इन्सुलिन मोजता यायला हवं होतं, नाहीतर आपण बाळ हडकुळं आहे म्हणून तूप चारत बसलो असतो.

परत ब्राँक्सला. बर्सन ११ एप्रिल १९७२ ला एका कॉन्फरन्सला गेलेले असताना वारले, ५३ व्या वर्षी. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. लोकांनी दबक्या आवाजात बोलायला सुरुवात केली की डोकं बर्सनचं, बाई नुसत्या मशीन सांभाळायच्या, आता नोबेल विसरा. पन्नाशीच्या बाई, आता मेडिकलची डिग्री घ्यावी का असाही विचार करून झाला. मग तो सोडून लॅबमध्येच मान खाली घालून बसल्या आणि चारेक वर्षांत साठेक पेपर काढले. लॅबला नाव दिलं सॉलोमन ए. बर्सन रिसर्च लॅबोरेटरी. त्यामागची युक्ती मला फार आवडते, पेपरवर लेखकाच्या नावाखाली संस्थेचा पत्ता छापावाच लागतो, म्हणजे बाईंच्या प्रत्येक पेपरवर बर्सनचं नाव येणारच, कोणा संपादकाला काढता येणार नाही.

१९७६ मध्ये लॅस्कर, म्हणजे अमेरिकेतलं वैद्यकाचं मोठं बक्षीस, १९७७ मध्ये नोबेल. वैद्यकाचं नोबेल मिळवणारी ही दुसरी बाई, पहिल्या गर्टी कोरी, १९४७. अर्धं बक्षीस यालोंना, उरलेलं अर्धं रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली या दोन हाडवैऱ्यांना वाटून. यांनी मेंदूतून टीएसएचला हुकूम सोडणारं हार्मोन शोधण्यासाठी लाखो मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या मेंदूंचा लगदा केला, वर्षानुवर्षं एकमेकांशी शर्यत लावून, आणि शेवटी स्टॉकहोमच्या एकाच स्टेजवर जाऊन बसले. ती कथा पुन्हा कधीतरी, ती भांडणाची आहे आणि जरा लांब आहे.

नोबेलच्या भाषणात यालोबाईंनी इतर आलेखांबरोबर आणखी एक कागद दाखवला. १९५५ चं ते नकाराचं पत्र, जसंच्या तसं.

आईच्या रिपोर्टवर टीएसएचच्या पुढे बारीक अक्षरात पद्धत लिहिली आहे, सीएलआयए. म्हणजे लाल टोप्यांच्या जागी आता चमकणाऱ्या टोप्या, किरणोत्साराऐवजी प्रकाश मोजतात, आणि रेटारेटीही आता प्रत्येक टेस्टमध्ये असतेच असं नाही, पण हार्मोन पकडायला अँटिबॉडी वापरायची ही आयडिया तीच. आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली बरं, मग गोळी घेतल्यावर चहा किती वेळाने प्यायचा ते विचारलंस का डॉक्टरांना?