टोपलीतली तीन पिल्लं

तुरीची कापणी चालू असताना डभोईकडच्या शेतावरून आमच्या शेजारच्या काकूंनी टोपलीत तीन पिल्लं आणली. बांधावरच्या गवतात सापडली, आई कुठे दिसेना, म्हणून गड्याने उचलून दिली. "मांजराचीच आहेत रे, अंगावर पट्टे बघ की!" काकू म्हणाल्या. पट्टे होते खरे. पण तिन्ही पिल्लं अगदी एकसारखी, मातकट. मला खटकलं ते हेच. आमच्या वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातल्या कुठल्याही मांजरीची वीण बघा: एक काळं, एक पांढऱ्या पायांचं, एक बापावर गेलेलं. रंगांची ही चंगळ माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या प्राण्यालाच परवडते. रानात पांढरे पाय म्हणजे शिकारीला आधीच दिलेली वर्दी.

ती रानमांजराची पिल्लं होती. कुणी त्याला बाऊल म्हणतं, आमच्याकडचे गुजराती शेतकरी रानी बिलाडी म्हणतात. फसगत होते ती पट्ट्यांमुळे. पिल्लांच्या अंगावर फिकट पट्टे असतात, ते वाढत्या वयात पुसट होत जातात. उरतात पायांवरचे थोडे, आणि शेपटीच्या टोकाकडची काळी वळी. मोठं रानमांजर घरच्या मांजरापेक्षा उंच दिसतं, कारण त्याचे पाय लांब. शेपूट मात्र आखूड, जेमतेम मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत पोचणारी. कानांच्या टोकांना काळ्या केसांचे छोटे झुबके. वजन साधारण 4 ते 8 किलो, नर आणखी थोराड.

नावात रान असलं तरी दाट जंगल त्याला फारसं मानवत नाही. त्याला आवडतं उंच गवत, उसाचा फड, तळ्याकाठचं पाणकणीस. सयाजीराव महाराजांनी 1910 साली बांधलेला डभोईजवळचा वढवाणा तलाव आज पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे, 2021 पासून रामसर स्थळही, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. अशा तळ्याकाठची पाणकणसं आणि त्याला लागलेली शेतं म्हणजे या मांजरासाठी भरलेलं ताटच. आणि शेतकऱ्याचं त्यात नुकसान काय? कधीमधी एखादी कोंबडी. सरिस्कातल्या एका अभ्यासात एका रानमांजराच्या वाट्याला दिवसाला 3 ते 5 उंदीर आले होते. वर्षाचा हिशेब हजाराच्या वर जातो.

मग काकूंच्या घरातली मनी म्हणजे हेच रानमांजर, फक्त माणसाळलेलं? अनेकांना तसं वाटतं. पण नाही. दोघं एकाच कुळातली, दोघांची गुणसूत्रंही 38, तरी त्यांच्या वाटा लाखो वर्षांपूर्वी फुटल्या. 2007 साली जगभरातल्या 979 मांजरांच्या डीएनएची तुलना झाली, तेव्हा घरच्या मांजराचं माहेर पश्चिम आशियात सापडलं: आफ्रिका आणि पश्चिम आशियात राहणारं तिथलं रानटी मांजर. माणूस शेती करू लागला, कोठारं भरली, उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रसमध्ये सुमारे 9500 वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी, अवघ्या 40 सेंटिमीटरवर, मांजर पुरलेलं मिळालं. मनी आपल्याकडे परदेशातूनच आली.

तिची खरी चुलतबहीण आपल्याकडे आहे, पण वढवाण्याला नव्हे, कच्छच्या आणि राजस्थानच्या कोरड्या मुलखात. ते ठिपकेदार रणमांजर, म्हणजे रणातलं, वाळवंटी मांजर. मनीशी त्याचं रक्त इतकं जवळचं आहे की दोघांची वीण होते, आणि वाळवंटातल्या शुद्ध रणमांजरांवर सध्या आलेलं हे एक मोठं संकट आहे. वाघाच्या मावशीचं म्हणाल, तर वाघ-सिंहांची शाखा कोटभर वर्षांपूर्वीच वेगळी झाली. ते नातं पुष्कळ लांबचं.

माणसाच्या घरात राहून मनीत बदललं तरी काय? फार थोडं. कवटीच्या आतली जागा तिच्या रानटी पूर्वजांपेक्षा लहान झाली, आतडं थोडं लांबलं. मोठी मांजरं एकमेकांशी बोलताना म्यांव फारसं करत नाहीत, ते बहुतेक माणसासाठी. बाकी मनी आजही पक्की मांसाहारी. गोडाची चव ओळखणारं एक जनुक तिच्यात निकामी आहे, त्यामुळे श्रीखंडाच्या वाटीला ती तोंड लावते ती दुधातल्या स्निग्धांशासाठी. माणसाची सवयही तिला जन्मतः नसते. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला तर पिल्लू माणसाळतं, नाहीतर बिचकतच वाढतं.

रानमांजराच्या पिल्लाला हा हिशेब लागू नाही. हाताळलं तरी वयात आल्यावर ते बोचकारतंच, शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला घरी ठेवताही येत नाही. मला दुसरी धास्तीही होती. काकूंनी टोपली मनीच्या शेजारीच ठेवलेली, आणि मांजरांतला पॅनल्यूकोपेनिया या जीवघेण्या साथीच्या रोगाचा विषाणू असाच घरातून रानात जातो.

वनखात्याला फोन केला. त्यांचा माणूस म्हणाला, आई मेलेली नसणार, शिकारीला गेली असेल. संध्याकाळी टोपली त्याच बांधावर, त्याच गवतात ठेवली आणि सगळे लांब सरकलो. अंधार पडल्यावर गवत हललं. तिने एकेकाला मानेला धरून नेलं, मध्ये बराच वेळ जात होता. तिसरं नेलं तेव्हा दहा वाजून गेले होते.

काकूंची मनी रिकामी टोपली दोन दिवस हुंगत होती. आता त्यातच झोपते.