पायलट ज्योत, गॅस वॉटर हीटरमधील

साठवणीच्या गॅस वॉटर हीटरमध्ये मुख्य बर्नर पेटवण्यासाठी अखंड तेवत ठेवलेली लहान ज्योत. टाकीच्या तळाशी, बर्नरच्या कडेला तिची जागा असते. टाकीतील पाणी ठरावीक तापमानाखाली गेले की तापनियंत्रक मुख्य झडप उघडतो आणि बर्नरमधून येणारा गॅस या ज्योतीवर पेट घेतो. ज्योत वारंवार विझणे हा अशा हीटरमधील सर्वपरिचित बिघाड आहे. अमेरिका व कॅनडा येथील घरांत तळघरात, गॅरेजमध्ये किंवा कपाटवजा खोलीत ठेवलेल्या सु. १५० ते १९० लिटर (४० ते ५० गॅलन) टाकीच्या हीटरमध्ये तो विशेषेकरून आढळतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्या हीटरसंबंधी आहे.

गॅसवर पाणी तापवण्याच्या घरगुती उपकरणाचे श्रेय सामान्यतः लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांना देतात (१८६८). स्वयंचलित हीटर मात्र नॉर्वेत जन्मलेले पिट्सबर्गचे अभियंते एडविन रूड यांचा मानला जातो व त्याचे साल बहुतेक ठिकाणी १८८९ असे दिलेले असते. हा हीटर साठवणीचा होता की वाहते पाणी तात्काळ तापवणारा, याविषयी एकवाक्यता नाही. रूड यांच्या नावाच्या कंपनीची आरंभीची ख्याती तात्काळ हीटरवर होती हे पाहता दुसरे मत अधिक संभाव्य दिसते. पायलट ज्योतीची कल्पना स्वतंत्र शोध म्हणून कोणा एकाच्या नावावर टाकणे कठीण आहे. ती बहुधा गॅसच्या दिव्यांतून पाणी तापवण्याच्या उपकरणांत आली असावी. सुरुवातीच्या हीटरमध्ये ज्योत विझली तरी गॅस वाहतच राही. त्यावर उपाय म्हणून प्रथम उष्णतेने वाकणाऱ्या द्विधातू पट्ट्या वापरात आल्या. ज्योतीच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या विजेवर चालणारी सुरक्षा झडप अमेरिकेत साधारणपणे १९३० नंतरच्या दशकात रुळली असे दिसते. आजची विझण्याची तक्रार बहुतांशी या झडपेशी निगडित आहे.

झडपेच्या मुळाशी असलेला आविष्कार जर्मन भौतिकीविज्ञ टोमास योहान झेबेक (१७७०–१८३१) यांच्या नावाने ओळखला जातो. तांबे व बिस्मथ यांच्या तारांचा बंद फेरा करून त्याचा एक सांधा तापवला असता जवळची चुंबकसूची विचलित होते, असे त्यांना १८२१ च्या सुमारास आढळले. झेबेक यांनी स्वतः याला विजेचा परिणाम मानले नाही. तापमानातील फरकामुळे धातूंत चुंबकत्व उत्पन्न होते, असे त्यांचे प्रतिपादन होते आणि ते त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. फेऱ्यातून विद्युत् प्रवाह वाहतो हा अर्थ डॅनिश भौतिकीविज्ञ हान्स क्रिस्त्यान अर्स्टेड यांनी लावला व त्यांचेच मत पुढे टिकले. इटालियन भौतिकीविज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७९४ च्या सुमारास लोखंडी सळईचे एक टोक उकळत्या पाण्यात तापवून ती बेडकाच्या स्नायूंना जोडली, तेव्हा स्नायू आकुंचन पावले. यावरून या शोधाचा अग्रमान व्होल्टांना द्यावा, असे काही अभ्यासक अलीकडे म्हणतात. निरीक्षण व्होल्टांचे आधीचे आहे यात शंका नाही. परंतु परिणामाचा पद्धतशीर अभ्यास व निरनिराळ्या धातूंची क्रमवारी झेबेक यांनी केली, त्यामुळे रूढ नाव बदलण्यास पुरेसे कारण दिसत नाही.

हीटरमधील थर्मोकपल म्हणजे तपयुग्म हे याच तत्त्वावर चालते. दोन भिन्न मिश्रधातू, बहुधा निकेल-क्रोमियम आणि तांबे-निकेल, टोकाशी जोडलेले असतात. ज्योतीतला सांधा व थंड टोक यांच्या तापमानात चारपाचशे अंश सेल्सिअसचा फरक पडला की सु. ३० मिलिव्होल्ट दाब मिळतो. बॅटरीतील साध्या सेलच्या दीड व्होल्टपुढे हा दाब नगण्य आहे. तरी परिपथाचा रोध अत्यल्प असल्याने त्यातून झडपेतील विद्युत् चुंबक भारण्याइतका प्रवाह मिळतो. हे चुंबक झडप ओढून उघडू शकत नाही, फक्त उघडलेली धरून ठेवू शकते. म्हणूनच पायलट पेटवताना बटण हाताने दाबून साधारण मिनिटभर धरावे लागते. ज्योत गेली की सांधा निवतो, दाब काही मिलिव्होल्टपर्यंत उतरतो व स्प्रिंग झडप मिटवते. ज्योत विझल्यापासून झडप बंद होईपर्यंत अर्धे ते दोन-अडीच मिनिटे जाऊ शकतात. विजेची बाहेरची जोडणी लागत नसल्याने वादळात वीज गेली तरी गरम पाणी मिळते. पायलट असलेले हीटर टिकून राहण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

बिघाड शोधताना ज्योत आधी गेली की झडप आधी मिटली, हा भेद करावा लागतो. बटण दाबलेले असताना ज्योत नीट जळते आणि सोडताच विझते, तर दोष थर्मोकपलच्या परिपथात असतो. बटण दाबूनही ज्योत धरत नाही, किंवा काही तास वा दिवस व्यवस्थित जळून अवचित विझते, तर गॅस, हवा किंवा धुराडे यांकडे पाहावे. पहिल्या प्रकारात थर्मोकपल बदलण्याची प्रथा आहे. भाग स्वस्त असल्याने ती समजण्याजोगी आहे, पण निदान म्हणून ती अपुरी आहे. ज्योतीने थर्मोकपलच्या टोकाचा वरचा सु. एक सेंमी. भाग वेढलेला असला पाहिजे. ज्योत आखूड किंवा वाकडी असेल तर नवा थर्मोकपलही पुरेसा दाब देत नाही. झडपेशी असलेल्या जोडावर कळकट थर बसला किंवा नट सैल राहिला तरी इतका क्षीण दाब वाटेतच खर्ची पडतो. नट हाताने बसवून पुढे साधारण पाव फेराच आवळतात. जास्त आवळल्यास टोकाची विद्युत् निरोधक चकती चेपून परिपथ झडपेच्या धातूशी जुळतो. मिलिव्होल्टमापकाने मोजता विनाभार (झडपेपासून सोडवलेल्या थर्मोकपलचा) दाब सु. २० मिलिव्होल्टच्या खाली राहिला तर थर्मोकपल निकामी समजतात. दाब चांगला असून झडप धरत नसेल तर चुंबक किंवा त्याच परिपथातील अतिताप कळ यांचा दोष संभवतो. पाणी धोकादायक तापमानापर्यंत गेले की ही कळ परिपथ तोडते. काही झडपांत ती एकदाच चालते व पूर्ण झडप बदलावी लागते. अशा वेळी मूळ दोष बहुधा तापनियंत्रकाचा असतो.

पायलटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. त्यात धूळ, गंज किंवा कोळ्याचे जाळे अडकले की ज्योत पिवळी, आखूड व लटपटती होते. छिद्र हवेच्या झोताने साफ करतात. सुई घातल्यास ते मोठे होऊन ज्योत बिघडते. धुराड्यातून उलटा वारा आला, किंवा स्वयंपाकघरातील धूरशोषक पंखा व कपडे वाळवण्याचे यंत्र एकाच वेळी चालू होऊन बंद घरात हवेचा दाब उतरला, तरी ज्योत विझते. ही अवस्था पायलटपुरती क्षुल्लक, पण कार्बन मोनॉक्साइड घरात परतण्याच्या दृष्टीने गंभीर आहे. थंडीत टाकी एकदम गार पाण्याने भरली की तिच्या तळावर वाफेचे थेंब जमून ज्योतीवर पडतात. टाकी गळते आहे असा घरच्यांचा समज होतो; पाणी तापले की थेंब थांबतात.

अमेरिकेत जुलै २००३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नियमांमुळे आणखी एक कारण उद्भवले. गॅरेजमध्ये सांडलेल्या पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरून पायलटवर पेट घेई व त्यात मुले भाजत. यावर उपाय म्हणून नव्या हीटरचा ज्वलनकक्ष बंदिस्त करून तळाशी ज्वालारोधक जाळी बसवली गेली. हवा फक्त या जाळीतून येते. कपड्यांचा तंतू, धूळ व पाळीव जनावरांचे केस जाळीवर साचले की हवा अपुरी पडते, कक्ष तापतो व दारावरील उष्णता-कळ थर्मोकपलचा परिपथ तोडते. जाळी न झाडता केवळ कळ पूर्ववत केल्यास काही दिवसांत तीच तक्रार परत येते.

पुन्हा पेटवण्याआधी गॅस बंद करून किमान पाच मिनिटे थांबण्याची सूचना हीटरवर लिहिलेली असते. जमिनीलगतही वास घेऊन पाहावा लागतो. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो, तर प्रोपेन सु. दीडपट जड असल्याने खाली साचतो. वास येत असेल तर काडी ओढू नये, विजेचे बटणही दाबू नये. घराबाहेर जाऊन गॅस कंपनीला कळवावे.

महाराष्ट्रात पूर्वी तांब्याच्या बंबात लाकूड-कोळशावर पाणी तापवत. सध्याचे गॅस गिझर बहुधा तात्काळ प्रकारचे असून त्यांत पायलट नसते. नळ उघडताच पाण्याच्या दाबाने विजेची कळ जुळते व सेलच्या ठिणगीने बर्नर पेटतो. तो मध्येच विझण्याची कारणे उतरलेले सेल, पाण्याचा कमी दाब व ज्योत ओळखणाऱ्या सळईवरील काजळी ही असतात. बंद न्हाणीघरात लावलेल्या अशा गिझरमुळे प्राणघातक अपघात घडले आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र तळघरातल्या पायलटची ओळख घर घेतल्यावरच होते. तेथील नव्या साठवणीच्या हीटरमध्ये अनेक थर्मोकपल ओळीने जोडलेला थर्मोपाइल वापरतात. तो शेकडो मिलिव्होल्ट देतो व त्यावर झडपेतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक चालतो. झडपेवरील दिव्याच्या लुकलुकण्याच्या संख्येवरून दोषाचा प्रकार कळतो. संकेतांचा तक्ता हीटरच्या दर्शनी भागावर चिकटवलेला असतो.