ब्रिटन बाहेर पडला, आयर्लंड नाही
‘ब्रिटनने युरोपीय संघ सोडला, त्याबरोबर आयर्लंडही बाहेर पडला’ असा मेसेज अनेक वर्षं फिरतो आहे. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण बेट एकच आणि त्यावर कारभार दोन. जून २०१६ मध्ये मतदान केलं ते ब्रिटनने. त्यात बेलफास्टकडचा उत्तर आयर्लंड आला. डब्लिन राजधानी असलेला आयर्लंड हा स्वतंत्र देश. तो १९७३ पासून सदस्य आहे, आजही आहे.

खात्री करायची तर नोटा बघा: डब्लिनमध्ये युरो, बेलफास्टमध्ये पौंड. दोन्हींमधल्या हमरस्त्यावर मात्र सीमेवर ना चौकी ना फाटक. वेगमर्यादेचे फलक तेवढे किलोमीटरचे मैलात होतात. ही सीमा उघडी राहावी म्हणून मालापुरते संघाचे बरेच नियम उत्तर आयर्लंडमध्ये कायम ठेवले आणि तपासणी समुद्रापलीकडून येणाऱ्या ब्रिटिश मालावर आली.

आयर्लंडला झळ बसलीच. लंडनहून डब्लिनला मागवलेल्या पार्सलला २०२१ पासून आयातीचे सोपस्कार आणि कर लागतात.

आणि हो, आयर्लंडचा व्हिसा पॅरिसला चालत नाही, हे खरं. पण तो देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कधीच नव्हता. ब्रेक्झिटचा त्याच्याशी संबंध नाही.