जाळ्यातले जन: जनसंपर्क संशोधनातल्या एका वादाची पार्श्वभूमी

मराठीत ‘पब्लिक’ हा शब्द एकवचनीच राहिला. ‘जत्रेला लई पब्लिक होतं’ म्हटलं की डोळ्यांसमोर एकच मोठी गर्दी येते. जनसंपर्काच्या अभ्यासात मात्र हा शब्द मुद्दाम अनेकवचनात वापरतात आणि गर्दीशी त्याचा संबंध नसतो. एखाद्या प्रश्नाची झळ लागलेले, तो प्रश्न आपला आहे हे ओळखलेले आणि त्यावर काही करू पाहणारे लोक म्हणजे एक ‘जन’. धरणाच्या पाण्यावरून उभा राहिलेला जन आणि त्याच तालुक्यात शाळेच्या फीवरून उभा राहिलेला जन हे दोन निराळे, माणसं तीच असली तरी. ‘हितसंबंधी’ (स्टेकहोल्डर) हा शब्द इथे चालत नाही. हितसंबंधी कोण, याची यादी संस्था करते. जन त्या यादीची वाट पाहत नाहीत. आजचा वाद याच्याशीच जोडलेला आहे: अभ्यास संस्था मध्यभागी धरून करायचा, की संस्था आणि जन यांना एकाच जाळ्यातल्या (नेटवर्कमधल्या) गाठी मानून, आणि मग जन म्हणून गाठ धरायची कोणाला?

जनांबद्दलची ही समजूत जुनी आहे. इतरांच्या व्यवहारांचे परिणाम ज्यांना त्या व्यवहारात नसतानाही सोसावे लागतात, ते जन, असं १९२७ मध्ये एका अमेरिकी तत्त्वज्ञानं मांडलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, असा जन म्हणजे केवळ आभास आहे, असंही एका पत्रकारानं ठासून लिहिलं होतं.

आजच्या वादाचं बीज मात्र १९८४ मध्ये आहे. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. जनसंपर्काची चार प्रारूपं मांडणारं पाठ्यपुस्तक आलं, हितसंबंधीयांचा विचार व्यवस्थापनात आणणारं पुस्तक आलं आणि एका परिषदेत असा निबंध वाचला गेला की संशोधनाचा विषय संस्था किंवा जन नसून त्यांच्यातलं नातं असावं. तिसरी गोष्ट तेव्हा फारशी गाजली नाही, पण पुढे संशोधनात तिनं मोठी जागा व्यापली. १९९९ पर्यंत नातं मोजायची प्रश्नावलीसुद्धा तयार झाली. नात्याला टोकं मात्र दोनच धरली गेली, इकडे संस्था आणि तिकडे जन. चित्र बैलगाडीच्या चाकाचं होतं. संस्था म्हणजे तुंबा, बाकी सगळे आरे.

हे चित्र किती तोकडं आहे ते १९९५ मध्ये उत्तर समुद्रात दिसलं. एका तेल कंपनीला आपली निकामी झालेली तेलसाठ्याची तरंगती टाकी अटलांटिकच्या खोल पाण्यात बुडवायची होती. ब्रिटिश सरकारची परवानगी हातात होती. ३० एप्रिलला पर्यावरण कार्यकर्ते त्या टाकीवर चढले. बघता बघता जर्मनीतले वाहनचालक त्या कंपनीच्या पंपांवर पेट्रोल घेईनासे झाले आणि २० जूनला कंपनीनं बेत सोडला. टाकीत उरलेल्या तेलाचा अंदाज चुकला, हे कार्यकर्त्यांच्या संघटनेनं नंतर कबूल करून माफी मागितली. तोवर निर्णय फिरलेला होता. चाकाच्या चित्रात जर्मन वाहनचालक या वादात कुठेच बसत नाहीत. आरे एकमेकांनाही बांधलेले असतात आणि ती वीण जितकी दाट तितकी कंपनीची माघार जवळ, हे दोनच वर्षांनी एका व्यवस्थापनविषयक लेखानं सूत्रात मांडलं.

जनसंपर्काच्या अभ्यासकांनी जाळ्याची कल्पना उचलली ती नव्या शतकात. क्रोएशियातल्या २००० च्या निवडणुकीत एकत्र आलेल्या नागरी संघटनांवरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुठलीही एक संस्था मध्यभागी धरलेली नव्हती. २०१५ च्या सुमारास तर संस्थेला जाळ्यातली अनेकांपैकी एक गाठ मानावं, असा आग्रहच सुरू झाला.

खरी अडचण इथेच आहे. गाठ कोणाला म्हणायचं? जाळं मोजताना आधी नावांची यादी लागते. मग प्रत्येकाला विचारतात, यांपैकी कोणाशी सहकार्य करता? ज्याला नाव, कार्यालय आणि पदाधिकारी आहेत तोच यादीत येतो. त्यामुळे जनांच्या जागी स्वयंसेवी संघटना बसल्या. संघटना जनांचं म्हणणं मांडते, हे खरं. पण ती म्हणजेच जन नव्हे, आणि ही अदलाबदल फार सहज स्वीकारली गेली, असं मला वाटतं. जाळ्याची हद्द सभासदांच्या समजुतीवरून ठरवायची की संशोधकाच्या गरजेवरून, हा प्रश्न समाजशास्त्रात १९८३ मध्येच नेमका मांडला गेला होता. जनसंपर्कात बहुतेकांनी दुसरी, सोयीची वाट धरली.

ट्विटरमुळे एकेकटी माणसं गाठी म्हणून मोजता आली, तेही हॅशटॅगवरून सहज गोळा करून. मात्र त्या जाळ्यात बोललेलेच दिसतात. झळ लागूनही प्रश्न अजून न ओळखलेला, म्हणून सुरुवातीच्या व्याख्येत अजून पुरता न बसणारा ‘सुप्त’ जन त्यात सापडत नाही. परिस्थितीनुसार जनांचे प्रकार पाडणाऱ्या जुन्या सिद्धान्तात त्याला निदान एक खण होता.

यातून एक वाट निघते. माणसं एका बाजूला आणि प्रश्न दुसऱ्या बाजूला ठेवून दोन प्रकारच्या गाठींचं जाळं विणता येतं. त्यात ‘कोण कोणाला ओळखतो’ हे विचारावं लागत नाही, ‘कोण कशाशी बांधलेला आहे’ एवढं पुरतं. १९४१ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका गावाच्या अभ्यासात १८ स्त्रिया आणि १४ समारंभ असेच एका तक्त्यात मांडले होते. समारंभांच्या जागी प्रश्न ठेवले, तर पाणी आणि फी हे दोन रकाने होतात आणि दोन्हींत खूण असलेली माणसं दोन्ही जनांत मोजता येतात.