गिअर हुकतो कुठे?

पायाला 'टक्' जाणवतं, हातातली क्लचची लीव्हर सुटते, आणि गाडी पुढे झेपावण्याऐवजी इंजिन नुसतंच मोकळं ओरडतं. जुनी टूरिंग मोटरसायकल बाळगणाऱ्या बहुतेकांना हा प्रसंग परिचयाचा असतो. वर चढवलेला गिअर बसलेला नसतो, खालचा सुटलेला असतो, आणि सामानासकट जडशीळ गाडी मधल्यामध्ये अधांतरी. आवाज गिअरबॉक्समधून येतो म्हणून पहिला संशयही तिथेच जातो, 'इंजिन खोलावं लागणार' असं निदान होतं. माझ्या मते यात अनेकदा दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार होतो.

आत काय चालतं ते आधी पाहू. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना दातेरी चाकं एकमेकांत अडकत-सुटत नाहीत. सगळ्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर, म्हणजे ज्या दांड्यावर चाकं बसवलेली असतात त्यावर, मोकळं फिरत असतं. त्याच्या शेजारचं चाक शाफ्टसोबतच फिरतं, पण शाफ्टवर आडवं सरकू शकतं. त्याच्या कुशीवर लोखंडी ठोकळे असतात, त्यांना 'डॉग' म्हणतात. हे डॉग मोकळ्या चाकाच्या खाचांत शिरले की ते चाकही शाफ्टला बांधलं जातं. हाच 'गिअर पडला' म्हणायचा क्षण.

चाक सरकवतो शिफ्ट फोर्क, म्हणजे एक चिमट्यासारखा काटा. काट्याची खुंटी शिफ्ट ड्रम नावाच्या लोखंडी लाटण्यावरच्या नागमोडी खाचेत चालते. पायाने लीव्हर दाबली की एक अंकुश ड्रमला एक घर पुढे फिरवतो, सहा गिअरच्या गाडीत साधारण ६० अंश. ड्रमच्या टोकाला चांदणीसारखी चकती असते आणि स्प्रिंगने दाबलेलं एक छोटं रोलर तिच्या दोन टोकांमधल्या खळग्यात बसतं. त्यामुळे ड्रम आपल्या घरात पक्का राहतो.

गंमत या चांदणीतच आहे. रोलर टोकाच्या पलीकडे गेलं, की उरलेला प्रवास स्प्रिंगच पुरा करते. पण ड्रम अर्ध्यावरच थांबला, तर रोलर टोकावर उभं राहतं, इकडचे डॉग सुटलेले आणि तिकडचे अजून शिरलेले नसतात. हेच खोटं न्यूट्रल. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मध्ये तर खऱ्या न्यूट्रलसाठी मुद्दाम उथळ खळगा कोरलेला असतो, म्हणून अर्धवट दाबलेला पाय तिथे हमखास अडकतो. एकूण प्रश्न असा उरतो, की ड्रम पूर्ण का फिरला नाही?

सर्वांत आधी बघायची ती लीव्हर. टूरिंग गाड्यांमध्ये पायाची लीव्हर गिअरबॉक्सपासून लांब असते, मध्ये एक दांडी आणि दोन बॉल जॉइंट येतात. वर्षानुवर्षं पाऊस, धूळ आणि कोरडेपणा यांनी ते जॉइंट खिळखिळे होतात. पायाच्या एकूण हालचालीतला चौथा हिस्सा जरी या ढिलेपणात गेला, तरी ड्रमपर्यंत पोहोचणारी फेरी अपुरी पडते. इंजिन बंद ठेवून लीव्हर बोटांनी हलवा आणि गिअरबॉक्सातून बाहेर आलेल्या शाफ्टकडे बघा. लीव्हर हलते पण शाफ्ट हलत नाही, असा जो टप्पा दिसेल तेवढा तुमचा चोर. शाफ्टच्या बारीक दात्यांवर लीव्हरची पकड सैल झालेली असेल तर तेही इथेच कळतं. माझ्या गाडीचा दुसरा-तिसरा गिअर मी एक अख्खा हंगाम शिव्या घालत काढला, आणि शेवटी दोष निघाला एका जॉइंटमध्ये.

लीव्हरचा कोनही तपासावा. जाड तळाच्या बुटांत पंजा लीव्हरखाली नीट शिरत नसेल, तर घोटा वळायची हद्द संपते आणि लीव्हर पूर्ण वर जातच नाही. दांडीची लांबी थोडी बदलून हे दुरुस्त होतं. आणखी एक सवय: गिअर टाकल्यावर काहीजण पाय लीव्हरखाली तसाच टेकवून ठेवतात. अंकुश मागे येऊन पुढच्या घरावर बसायला लीव्हर पूर्ण सुटावी लागते. ती सुटली नाही, तर पुढची लाथ हवेत जाते.

मग क्लच. गिअर बदलताना इंजिनाचा जोर डॉगवरून काढून घेणं हे त्याचं काम. क्लच पूर्ण सुटत नसेल, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत 'ओढत' असेल, तर डॉग खाचेच्या भिंतीवर दाबलेले राहतात आणि काट्याला ते ओढून काढता येत नाहीत. याची सोपी खूण आहे. गाडी गरम असताना, उभ्या जागी, इंजिन चालू ठेवून पहिल्यातून न्यूट्रल सापडत नाही, पण इंजिन बंद करताच सहज सापडतं? तर आधी क्लचकडे बघा. वायरचा क्लच असेल तर केबलचे तार तुटलेत का, हाताच्या लीव्हरचा मोकळेपणा कंपनीने सांगितलाय तितकाच आहे का, ते पाहा. हायड्रॉलिक क्लचमध्ये हा मोकळेपणा बहुधा आपोआप जुळतो, पण आतलं द्रव पाणी शोषतं, हवेचे बुडबुडे साचतात आणि दाब अर्ध्यावर येतो. म्हणून हे द्रव, बहुधा ब्रेकमध्येही वापरतात ते 'डॉट ४', साधारण दोन वर्षांनी बदलतात. काही गाड्यांत मात्र खनिज तेल असतं, तिथे डॉट ४ ओतलं तर सील फुगून खराब होतात. क्लचच्या द्रवाच्या टाकीच्या झाकणावर काय छापलंय ते वाचूनच ओता.

तेलाचा विषयही इथेच येतो. ज्या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि ओला क्लच एकाच तेलात पोहतात, त्यांत गिअरचे दात तेलाचे लांब रेणू कातरतात आणि ते लवकर पातळ होतं. घट्टपणा आणि क्लचची पकड दोन्ही सांभाळणारं तेल हवं, जासो (JASO) या जपानी मानकाची एमए किंवा एमए२ छाप असलेलं. जुन्या बीएमडब्ल्यू बॉक्सरसारख्या काही गाड्यांचा क्लच कोरडा असतो आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं, तिथे हे गणित लागू नाही.

हे सगळं सरळ असूनही गिअर हुकतोय, तर आता डॉगकडे वळू. मोटारगाडीप्रमाणे इथे वेग जुळवणारी सिंक्रोनायझर रिंग नसते. म्हणून प्रत्येक हुकलेला गिअर डॉगच्या कडांवर एक ठोका मारून जातो आणि कडा गोलावतात. नवे डॉग किंचित आत कलवलेले असतात, जोर आला की ते उलट आणखी आत ओढले जातात. कडा बाहेरच्या बाजूला १० अंश झुकल्या, तर काय होतं? समजा डॉगवर ३००० न्यूटनचा जोर आहे. उतारामुळे सुमारे ५३० न्यूटन चाकाला बाहेर ढकलायला लागतात. तेलकट घर्षणाने त्यातला निम्म्याहून थोडा जास्त गिळला, तरी वीस-बावीस किलोचा रेटा काट्यावर उरतो. काटा घासतो, तापून निळा पडतो, वाकतो, मग चाक पूर्ण सरकत नाही आणि पुढचा ठोका आणखी जोरात बसतो.

इंजिनाच्या आत शिरायच्या आधी तेल काढताना ड्रेनच्या, म्हणजे तेल सोडायच्या बोल्टच्या, चुंबकाला काय चिकटलंय ते बघा. करड्या रंगाची लगदी म्हणजे रोजची झीज, पण टोकदार कपचे दिसले तर डॉगचे तुकडे निघालेत. चांदणी आणि रोलरची स्प्रिंग मात्र पुष्कळ गाड्यांत क्लचच्या झाकणामागेच सापडते, त्यामुळे तिच्यासाठी इंजिन दोन फाकांत उघडायची गरज नसते. उघडावंच लागलं, तर घासलेला गिअर, त्याच्या समोरचं डॉगचं चाक आणि मधला काटा हे तिन्ही एकत्र बदला. गोलावलेल्या कडेसमोर नवा डॉग बसवला, तर तो काही हजार किलोमीटरमध्ये तिच्यासारखाच होतो.